१२३४५६७८९८७६५४३२१ : एका सतरा अंकी संख्येची पायरीपायरीने उकल

मोठी संख्या दिसली की हात भागाकाराकडे वळतो: २ ने जाते का, ३ ने, ७ ने, ११ ने. १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या या रस्त्याने घेतली तर ३ आणि ३७ हे अवयव लवकर हाती लागतात. पण मग १११३३३६६६८८९ ही बारा अंकी संख्या उरते आणि तिचा अवयव सापडेपर्यंत २५ हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. संगणकाला ते क्षणाचे काम, वही-पेनाला अशक्य. आणि त्याची गरजही नाही. ही संख्या कशी रचली गेली आहे ते ओळखले, तर सगळे मूळ अवयव दोन-तीन ओळींत सुटतात. खाली तोच क्रम दिला आहे. सोबत वही-पेन घ्या, आकडे वाचून समाधान होणार नाही.

आधी संख्या नीट उतरवा

अंक मोजा: १ ते ८ चढते, मध्ये ९, मग ८ ते १ उतरते. ८ + १ + ८ = १७. हे मोजणे पोरकट वाटेल, पण या संख्येच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. मधला ९ गाळून १२३४५६७८८७६५४३२१ असे सोळा अंक लिहिले जातात. दिसायला संख्या तशीच, उलट वाचली तरी तीच, अंकांची बेरीजही ९ च्या पटीत. पण तो पूर्ण वर्ग नाही. ती ११११११११ (आठ एक) आणि १११११११११ (नऊ एक) यांचा गुणाकार आहे. ९ ची कसोटी ९ हा अंक गाळल्याची चूक कधीच पकडत नाही, कारण गाळलेला भागच ९ च्या पटीत असतो. म्हणून अंक मोजायचे.

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असे दिसते. कोटींत वाचायचे तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थानांची नावे धरली तर सर्वांत डावीकडचा १ ‘मध्य’ या स्थानी बसतो, परार्धाच्या एक घर अलीकडे. वाचून झाले की स्वल्पविराम पुसून टाका. पुढच्या कसोट्यांत दोन-दोन आणि तीन-तीन अंकांचे गट उजवीकडून पाडायचे आहेत आणि स्वल्पविरामांचे गट त्यांच्याशी जुळत नाहीत.

यंत्रावर विसंबण्याआधी

दुकानातल्या बारा अंकी कॅल्क्युलेटरमध्ये ही संख्या मावत नाही, हे निदान लगेच कळते. जिथे ती मावल्यासारखी दिसते तिथे जास्त जपायला हवे.

एक्सेलमध्ये टाइप केलीत तर १२३४५६७८९८७६५४३०० होते, कारण एक्सेल पहिले पंधरा अंक ठेवते आणि पुढे शून्ये भरते. सूचना येत नाही, इशारा येत नाही. आधी अपॉस्ट्रॉफी टाकून मजकूर म्हणून ठेवता येते, पण मग तिच्यावर बिनचूक आकडेमोड होत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या म्हणून दिली की ती १२३४५६७८९८७६५४३२० होते. तिथली संख्या ६४ बिटांच्या द्विमान अपूर्णांकरूपात (फ्लोटिंग पॉइंट) साठवली जाते आणि सलग पूर्णांक बिनचूक मावतात ते फक्त २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत. आपली संख्या त्याच्या पुढे आहे. त्या टप्प्यात फक्त सम संख्या मावतात आणि आपली विषम, म्हणून शेवटचा १ जातो. बिगइंट प्रकार वापरला तर ती शाबूत राहते.

पायथनचे पूर्णांक कितीही मोठे चालतात, पण दोन खाचखळगे आहेत. एक, भागाकाराची एकेरी तिरकी रेघ उत्तर दशांशात देते, म्हणून दुहेरी रेघ वापरायची. दुसरा जास्त फसवा: नेहमीचे वर्गमूळ काढणारे फंक्शन आपल्या संख्येचे उत्तर १११११११११ देते, पण तिच्या आधीच्या आणि नंतरच्या संख्येचेही तेच देते. ‘वर्गमूळ पूर्णांक आले म्हणजे पूर्ण वर्ग’ असा प्रोग्रॅम लिहिला, तर शेवटी २० असलेली शेजारीण संख्याही वर्ग ठरते. पूर्णांकी वर्गमूळाचे वेगळे फंक्शन पायथनच्या ३.८ आवृत्तीपासून आहे, ते घ्या आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करून दिलेल्या संख्येशी ताडा.

वर्गमूळ हाताने

पूर्ण वर्ग असण्याची शक्यता आहे का, हे आधी पाहू. शेवटचा अंक १, चालतो. अंकांची बेरीज १ ते ८ दोनदा ७२ आणि ९, एकूण ८१; बीजांक (एक अंक उरेपर्यंत केलेली अंकांची बेरीज) ९. पूर्ण वर्गाचा बीजांक १, ४, ७ किंवा ९ च असतो, तेही जुळले. शेवटचे तीन अंक ३२१, त्यांना ८ ने भागून बाकी १. प्रत्येक विषम वर्गाला ८ ने भागल्यावर बाकी १ च उरते. तीनही अटी पूर्ण झाल्या म्हणून वर्ग सिद्ध होत नाही, फक्त पुढची मेहनत वाया जाणार नाही एवढी आशा वाढते.

आता शाळेतली भागाकार पद्धत. उजवीकडून जोड्या पाडा: १ २३ ४५ ६७ ८९ ८७ ६५ ४३ २१. नऊ गट, म्हणून वर्गमूळ नऊ अंकी. दर पायरीला आतापर्यंतच्या उत्तराची दुप्पट करायची, तिच्यापुढे नवा अंक लिहायचा आणि त्याच अंकाने गुणून वजा करायचे. इथे प्रत्येक वेळी तो अंक १ च येतो, कारण २ घेतला की गुणाकार वरच्या संख्येपेक्षा मोठा होतो.

१ − १ = ०
२३ − २१ = २
२४५ − २२१ = २४
२४६७ − २२२१ = २४६
२४६८९ − २२२२१ = २४६८
२४६८८७ − २२२२२१ = २४६६६
२४६६६६५ − २२२२२२१ = २४४४४४
२४४४४४४३ − २२२२२२२१ = २२२२२२२
२२२२२२२२१ − २२२२२२२२१ = ०

बाकी शून्य, वर्गमूळ १११११११११. स्वल्पविरामांच्या गटांवर ही पद्धत चालवली तर पहिल्याच पायरीला १२ मधून ९ वजा होतात आणि पुढचे सगळे फसते.

शेवटच्या ओळीतली २२२२२२२२१ ही संख्या योगायोगाने आलेली नाही. १ पासूनच्या सलग विषम संख्यांची बेरीज नेहमी वर्ग असते आणि १११११११११ वी विषम संख्या नेमकी हीच आहे. म्हणजे १ + ३ + ५ + … + २२२२२२२२१ ही बेरीज म्हणजे आपली संख्या.

डोंगर का दिसतो आणि नऊवरच का थांबतो

नऊ एकांना नऊ एकांनी उभ्या मांडणीत गुणा. प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १, दुसऱ्यात दोन, वाढत वाढत नवव्यात नऊ, मग पुन्हा कमी. कुठल्याही स्तंभाची बेरीज ९ च्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि स्तंभांच्या बेरजा जशाच्या तशा अंक होऊन खाली उतरतात.

दहा एकांचा वर्ग केला की मधल्या स्तंभात १० येतात, हातचा सुटतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होते. डावीकडचा ८ गायब आणि मध्ये दोन शून्ये. अनेकजण नमुना तसाच पुढे ओढून ‘…८९१०९८…’ असे काहीतरी लिहितात, ते चूक.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उलटसुलट सारखे वाचले जाणे हा संख्येचा स्वभाव नाही, दशमान लिखाणाचा परिणाम आहे. हीच संख्या द्विमान पद्धतीत ५४ अंकी होते आणि तिथे हा डोंगर दिसत नाही. मूळ अवयव मात्र कुठल्याही पद्धतीत तेच राहतात. म्हणून माझ्या लेखी पुढचा भाग जास्त मोलाचा.

कापा आणि बेरीज करा

संख्या उजवीकडून नवव्या अंकानंतर कापा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. दोन्हींची बेरीज ९९९९९९९९९. १० च्या नवव्या घाताला ९९९९९९९९९ ने भागल्यावर बाकी १ उरते, त्यामुळे असे कापून बेरीज केली तरी बाकी बदलत नाही. म्हणजे आपल्या संख्येला ९९९९९९९९९ ने पूर्ण भाग जातो. भागाकार १२३४५६७९, यात ८ नाही, इकडे लक्ष द्या. पडताळा सोपा: १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा केले की १२३४५६७८९८७६५४३२१.

हीच युक्ती तीन-तीन अंकांनी करा. उजवीकडून गट: ३२१, ६५४, ९८७, ६७८, ३४५, १२. बेरीज २९९७, पुन्हा गट पाडून २ + ९९७ = ९९९. म्हणून ९९९ ने, म्हणजे २७ × ३७ ने भाग जातो. ‘संख्या उलटसुलट सारखीच, मग गट डावीकडून पाडले तर काय बिघडते?’ असा मोह होतो. १२३, ४५६, ७८९, ८७६, ५४३, २१ यांची बेरीज २८०८ येते आणि तिला ३७ ने भागल्यास बाकी ३३. प्रत्येक गट आतून उलटा होतो, म्हणून निकाल चुकतो.

आता वर्गमूळाचेच अवयव पाडू, कारण वर्गाचे अवयव म्हणजे तेच अवयव दोनदा.

१११११११११ = १११ × १००१००१
१११ = ३ × ३७
१००१००१ = ३ × ३३३६६७

म्हणून १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७ आणि आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा.

एक इशारा. अंकांची बेरीज ८१ आली म्हणून ‘८१ ने भाग जातो’ असे म्हणू नका. ३ आणि ९ पुरतीच ती कसोटी खरी आहे. १८९९ ची बेरीज २७, पण १८९९ ला २७ ने भाग जात नाही. इथे ८१ ने भाग जातो याचे कारण वेगळे: वर्गमूळाला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे.

३३३६६७ मूळ आहे कशावरून?

बहुतेक ठिकाणी इथे ‘ही मूळ संख्या आहे’ एवढे सांगून पुढे जातात. सिद्ध करायला फार वेळ लागत नाही, म्हणून करूनच टाकू.

५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४. म्हणजे ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे. त्या आहेत १०६. हे काम सहापटीने कमी करता येते.

३३३६६७ हा ९९९९९९९९९ चा विभाजक आहे. त्यामुळे त्याचा जो कोणी मूळ अवयव असेल, त्याने १ ला भागल्यावर येणाऱ्या आवर्ती दशांशाचे चक्र १, ३ किंवा ९ अंकांचेच असणार. एक अंकी चक्र असा अवयव फक्त ३, तीन अंकी फक्त ३७ (१ ÷ ३७ = ०.०२७०२७…). बाकी सगळ्यांचे चक्र नऊ अंकी. चक्राची लांबी नेहमी त्या मूळ संख्येपेक्षा एकाने लहान असलेल्या संख्येला भागते, म्हणून असा अवयव ९ च्या पटीत १ मिळवून येणारा असतो. तो विषम असायला हवा, म्हणजे १८ च्या पटीत १ मिळवून. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या फक्त १७. ३३३६६७ ला त्यांनी भागून उरलेल्या बाक्या:

१९ → ८, ३७ → १, ७३ → ५७, १०९ → १८, १२७ → ३८, १६३ → ६, १८१ → ८४, १९९ → १४३, २७१ → ६६, ३०७ → २६५, ३७९ → १४७, ३९७ → १८७, ४३३ → २५७, ४८७ → ७२, ५२३ → ५१६, ५४१ → ४११, ५७७ → १६१.

३ उरला, ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तोही बाद. एकही बाकी शून्य नाही, तेव्हा ३३३६६७ मूळ आहे.

विभाजक किती, बेरीज किती

प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणायचे: ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. यादी करायची असेल तर ३ चे पाच घात (१, ३, ९, २७, ८१) आडवे लिहा आणि ३७ व ३३३६६७ यांच्या नऊ जुळण्या उभ्या. पंचेचाळीस चौकटी भरल्या की झाले. विभाजकांची संख्या विषम येणे ही पूर्ण वर्गाचीच खूण: २२ जोड्या लागतात आणि १११११११११ एकटा मधोमध उरतो. ४४ किंवा ४६ आले तर यादीत चूक आहे.

बेरजेसाठी तीन कंस: १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१; १ + ३७ + १३६९ = १४०७; १ + ३३३६६७ + १११३३३६६६८८९ = १११३३४०००५५७. यांचा गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ राहतात, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येइतकी भरते. इथे ती बरीच कमी पडते. गुणाकाराचा पडताळा ११ ने घ्या: १२१ हा गुणक असल्यामुळे उत्तराला ११ ने भाग गेलाच पाहिजे. एका आड एक अंकांच्या बेरजांचा फरक ११ येतो, म्हणजे ठीक. ९ ची कसोटी अंकांची अदलाबदल पकडत नाही. ११ ची कसोटी शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल पकडते.

काटकोन त्रिकोण

३७ चा वर्ग म्हणजे १२ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग (१४४ + १२२५ = १३६९). आणि १११११११११ = ३७ × ३००३००३. तिन्हींना ३००३००३ ने गुणा:

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग.

म्हणजे १११११११११ कर्ण असलेला पूर्णांकी काटकोन त्रिकोण. असा त्रिकोण हा एकच, दुसरा नाही. दोन वर्गांत फुटण्याची सोय ४ ने भागून बाकी १ देणाऱ्या मूळ अवयवामुळे होते आणि इथे तसा ३७ च आहे. ३ आणि ३३३६६७ दोघेही बाकी ३ देतात.

डोंबिवलीशी नाते

अशा संख्यांना डेम्लो संख्या हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणू. नोकरी देवळालीच्या शाळेत शिक्षकाची. डेम्लो हे तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरचे स्टेशन, आताचे डोंबिवली. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नावही त्यांचेच. आपली संख्या त्यातही बसते: बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो हे वर पाहिलेच. आणखी एक: संख्येला ८१ ने गुणले तर ९९९९९९९९८००००००००१ मिळते, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करून बेरीज केली की परत ९९९९९९९९९. वर्ग कापून बेरीज केल्यावर स्वतःच परत येणारी म्हणून ९९९९९९९९९ ही कापरेकर संख्या. १११११११११ मात्र तशी नाही. तिच्या वर्गाच्या तुकड्यांची बेरीज तिच्या नऊपट भरते.

हीच पद्धत पुढे कुठवर चालते

शेजारची संख्या, म्हणजे एकाने कमी, फुकटात सुटते: वर्ग वजा १ म्हणजे ११११११११० × ११११११११२. पहिल्यात १० × ११११११११ आणि ११११११११ = ११ × ७३ × १०१ × १३७. म्हणून आपल्या संख्येला ११, ७३, १०१, १३७ यांपैकी कशानेही भागले तरी बाकी १ च उरते. आधी काढलेल्या बाक्या तपासायला हे चांगले कामी येते.

दहा एकांच्या संख्येचे पाच-पाचचे तुकडे पडतात: १११११ × १००००१, त्यातून ४१ × २७१ × ११ × ९०९१. अकरा एकांवर आलात की अडता, कारण ११ एकांचे समान गट पडत नाहीत. तिथे फक्त दुसरे हत्यार उरते: अवयव असलाच तर तो २२ च्या पटीत १ मिळवून येणारा. २३, ६७, ८९, १९९ असे चाळत गेलात की २२ च्या ९८४ व्या पटीनंतर २१६४९ लागतो आणि भागाकार येतो ५१३२३९. त्या वर्गाचे २१ अंक आहेत, १२३४५६७९०१२०९८७६५४३२१, आणि तो ६४ बिटांच्या पूर्णांकातही मावत नाही.